पाणी फिरतंय, तरी प्रोसेसर तापतोय

या अंकातले सगळे प्रश्न एकाच वस्तूभोवतीचे आहेत: संगणकाच्या प्रोसेसरवर बसणारा पाण्याचा ब्लॉक आणि त्याच्या मागचा पंप, नळ्या, रेडिएटर. उत्तरांत ‘एआयओ’ म्हटले आहे तो कारखान्यातून द्रव भरून सील होऊन आलेला कूलर. ‘कस्टम लूप’ म्हणजे ब्लॉक, पंप, टाकी आणि नळ्या सुट्या घेऊन स्वतः जोडलेली यंत्रणा. तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत.

प्रश्न : आय७-१३७००के आणि ३६० मिलिमीटरचा एआयओ. तीन वर्षे काही तक्रार नव्हती. आता सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारी चाचणी) लावले की काही सेकंदांत १०० अंश होतात आणि वेग पडतो. काहीच काम चालू नसतानाही ५५ असतात. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि ब्लॉक यांच्यामधला उष्णता नेणारा लेप) दोनदा बदलली, फरक शून्य. पंप २,८०० आरपीएम (मिनिटाला फेरे) दाखवतो, म्हणजे पंप ठीक आहे. नवा कूलर घ्यावा का? (व्हिडिओ संपादक, पुणे)

लगेच घेऊ नका, आणि तिसऱ्यांदा पेस्टही बदलू नका. तापमान वाढले की पेस्ट बदलायची ही सवयच झाली आहे. पण ब्लॉक काढण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी मोजून पाहिल्या तर बहुतेक वेळा पेस्टला हात लावावाच लागत नाही. तुमच्या पत्रात दोन आकडे नाहीत: प्रोसेसर किती वॉट खेचतोय आणि तापमान कोणत्या गतीने चढते-उतरते.

आधी वॉट. एचडब्ल्यूइन्फो हे मोजमापाचे सॉफ्टवेअर उघडून ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ ही ओळ पाहा. या प्रोसेसरची इंटेलने ठरवलेली कमाल टर्बो मर्यादा २५३ वॉट आहे. बरेच मदरबोर्ड ही मर्यादा काढून टाकतात, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) त्या जागी ४०९५ वॉट असा आकडा दिसतो. म्हणजे मर्यादाच नाही. अशा वेळी प्रोसेसर २८० वॉट खेचत १०० अंशांवर गेला, तर तो दोष कूलरचा नाही. पीएल१ आणि पीएल२ (दीर्घ आणि अल्प काळाच्या वॉट-मर्यादा) या दोन्ही ठिकाणी २५३ भरा. संपादनाच्या कामासाठी २०० भरले तरी चालेल; रेंडरचा वेळ थोडा वाढतो, उष्णता बरीच उतरते. २०२४ मध्ये इंटेलने १३व्या आणि १४व्या पिढीसाठी मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनासंचाच्या) दुरुस्त्या दिल्या (०एक्स१२९ आणि त्यानंतरच्या). त्या बायोस अपडेटमधून येतात आणि तुमच्या प्रोसेसरला त्या हव्यातच. पण अपडेटनंतर बायोसच्या जुन्या सेटिंग पुसल्या जातात, म्हणून मर्यादा पुन्हा तपासा.

आता गती. दहा मिनिटांची चाचणी लावा, तापमानाचा आलेख उघडा ठेवा आणि चाचणी थांबवल्यावरही पाच मिनिटे बघत राहा.

तापमान एक-दोन सेकंदांत वर गेले आणि चाचणी थांबताच तितक्याच झटकन ४०च्या आसपास आले, तर पाणी थंड आहे. उष्णता प्रोसेसरमधून ब्लॉकमध्ये उतरत नाही आहे, किंवा वॉटच जास्त आहेत. पेस्ट, स्क्रू आणि ब्लॉकखाली विसरलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद यांचा संशय इथे घ्यायचा. सुरुवात बरी होऊन तापमान दहा-वीस मिनिटे हळूहळू चढत गेले, तर ब्लॉक आपले काम करतोय; पाण्यातली उष्णता हवेत जात नाही. तेव्हा फॅन, धूळ आणि कॅबिनेटमधला वारा पाहा. आणि तापमान झटकन चढले, पण थांबवल्यावर मिनिटामिनिटाने रेंगाळत उतरले, तर ब्लॉकमधले पाणी तिथेच साचून तापते आहे. प्रवाह थांबला आहे किंवा थांबल्यासारखाच आहे. काम नसताना ५५ अंश आणि पेस्टने काहीही न बदलणे, हे दोन्ही या तिसऱ्या प्रकाराकडे बोट दाखवतात.

खात्री हाताने करता येते. प्रोसेसरवर ताण असताना दोन्ही नळ्यांना ब्लॉकजवळ हात लावा. मिनिटाला १ लिटर पाणी फिरत असेल आणि प्रोसेसर २५० वॉट देत असेल, तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात फरक पडतो जेमतेम ३.६ अंशांचा. हाताला तो जवळपास कळत नाही. प्रवाह दहापट कमी झाला की तोच फरक ३६ अंशांवर जातो. म्हणजे एक नळी चटका देणारी, दुसरी खोलीइतकीच थंड आणि प्रोसेसर १०० वर असताना रेडिएटर गार, असे असेल तर निदान झाले.

राहिला २,८०० आरपीएमचा आकडा. पंपाचे पाते फिरते आहे, एवढेच तो सांगतो. पाणी पुढे सरकते की नाही, हे त्याला माहीत नसते. पाते हवेच्या बुडबुड्यातही फिरते आणि तुंबलेल्या ब्लॉकमागेही फिरते. ब्लॉकच्या तांब्याच्या तळात जे पातळ पडदे कोरलेले असतात, त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. संपूर्ण यंत्रणेतली सर्वांत अरुंद जागा तीच, त्यामुळे द्रवात जो काही गाळ तयार होतो तो तिथेच अडकतो. बहुतेक एआयओंमध्ये ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो. दोन धातूंमधला गंज रोखणारे रसायन कमकुवत झाले की गाळ वाढतो. एमएसआयने २०२१ मध्ये आपल्या मॅग कोअरलिक्विड मालिकेतल्या काही कूलरांबाबत नेमकी हीच अडचण, गाळाने पंप अडणे, जाहीरपणे मान्य केली होती.

तुम्ही करायचे ते इतकेच: पंप बायोसमधून १०० टक्क्यांवर ठेवा. संगणक बंद करून कॅबिनेट दोन-तीन वेळा दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत झुकवा आणि पुन्हा चाचणी घ्या. हवा अडकली असेल तर सुटते. फरक पडला नाही तर आलेखाची नोंद आणि छायाचित्रे घेऊन वॉरंटीत द्या. एआयओवर साधारण तीन ते सहा वर्षांची वॉरंटी असते, बिल शोधा. सील तोडून आत डोकावण्याचा मोह टाळा. वॉरंटी जाते आणि पुन्हा द्रव भरण्याचे तोंड नसलेला कूलर बंद करणे कटकटीचे असते. वॉरंटी संपलेली असेल तरच नवा घ्या.

प्रश्न : रायझन ९ ७९५०एक्सवर मोठा एआयओ लावला तरी रेंडर करताना ९५ अंश. दुकानदार म्हणतो, कूलर खराब आहे. (ॲनिमेशनचा विद्यार्थी, नाशिक)

कूलर ठीक असण्याची शक्यता जास्त. हा प्रोसेसर ९५ अंशांची मर्यादा गाठेपर्यंत स्वतःचा वेग वाढवत नेतो, हीच एएमडीची रचना आहे. कूलर जितका चांगला तितका वेग जास्त, तापमान मात्र तेच. म्हणून अंश पाहू नका. रेंडर चालू असताना वॉट आणि मेगाहर्ट्‌झ पाहा. २३० वॉट ही त्याची पूर्ण मर्यादा आहे. तो २००च्या वर टिकून असेल तर ब्लॉक उष्णता उचलतोय. १३०-१४० वॉटलाच ९५ गाठत असेल, तर मात्र बसवण्यात चूक आहे.

आवाज आणि उष्णता नको असेल तर बायोसमधून इको मोड १०५ वॉट निवडा. प्रत्यक्ष मर्यादा १४२ वॉट होते. आमच्या मते रोजच्या कामाला हीच योग्य जागा.

प्रश्न : एआयओ बसवल्यापासून चालू करताना ‘सीपीयू फॅन एरर’ येतो. (सातारा)

मदरबोर्डच्या सीपीयू_फॅन हेडरवर (फॅनची वायर लावायच्या पिनांवर) काहीच फिरताना दिसत नाही, म्हणून. रेडिएटरच्या फॅनची वायर त्या हेडरला लावा. पंपाची वायर एआयओ_पंप किंवा डब्ल्यू_पंप असे लिहिलेल्या हेडरला लावून तो १०० टक्क्यांवर ठेवा. पंपाला वीज एसएमपीएसच्या (संगणकाला वीज देणाऱ्या डब्याच्या) साटा वायरीतून मिळत असेल तर ती घट्ट बसली आहे का पाहा. ही वायर निसटली तरी यूएसबीमुळे काही मॉडेलांचे दिवे लागतात आणि पंप चालू असल्याचा भास होतो. बायोसमध्ये जाऊन इशारा बंद करण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो मानू नका. पंप खरोखर थांबेल त्या दिवशी सांगणारे कोणी उरणार नाही.

प्रश्न : कस्टम लूप १४ महिन्यांपूर्वी बांधला. ब्लॉक निकेलच्या मुलाम्याचा, वरचे झाकण ॲक्रिलिकचे. डी५ पंप, मऊ पारदर्शक नळ्या. घरच्या आरओचे पाणी आणि हिरवा रंग भरला होता. आता झाकणातून पाहिले तर पडद्यांमध्ये पांढरट-हिरवट धागे दिसतात आणि तापमान १२ अंशांनी वाढले आहे. ब्लॉक व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवू का? (वास्तुविशारद, नागपूर)

व्हिनेगर नको. निकेलच्या मुलाम्याला बारीक छिद्रे असतात. आम्ल त्यातून खाली तांब्यापर्यंत जाते आणि मुलामा पापुद्र्यांनी सुटतो. ब्लॉक उघड्या तांब्याचा असता तर निम्मे पाणी मिसळून दहा मिनिटे चालले असते. ॲल्युमिनियमला तर आम्ल मुळीच नको.

तुमच्याकडे दोन वेगळी घाण एकत्र आली आहे. हिरवट, बुळबुळीत ते शेवाळ. पांढरे, मेणासारखे चिकट आहे ते नळीतून आलेले. मऊ पीव्हीसी नळी लवचिक राहावी म्हणून तिच्यात जे रसायन घातलेले असते, ते गरम पाण्यात झिरपत राहते आणि ब्लॉकच्या फटीत जमते. त्यामुळे ब्लॉक कितीही स्वच्छ केला तरी नळ्या त्याच ठेवल्या तर वर्षभरात पुन्हा हेच होईल.

आरओच्या पाण्याबद्दल. आरओ यंत्रातला पडदा (मेम्ब्रेन) बहुतेक क्षार काढतो हे खरे, पण घरगुती यंत्रात टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असते, ते चवीसाठी क्षार परत मिसळते. पिण्यासाठी उत्तम, लूपसाठी नाही. बॅटरीच्या दुकानात ‘डिस्टिल्ड वॉटर’ म्हणून मिळते ते बहुधा डीएम वॉटर (क्षार काढलेले पाणी) असते. टीडीएस मीटरवर ० ते २ दाखवत असेल तर धुण्यासाठी चालेल. बाटली उघडून मोजल्याशिवाय घेऊ नका, दर्जा फार खाली-वर असतो.

आता काम. एसएमपीएसची वायर भिंतीतून काढा, सर्वांत खालच्या जोडातून द्रव काढून टाका आणि ब्लॉक उतरवा. उघडण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढा, विशेषतः आत येण्याच्या तोंडाची खूण आणि आतल्या जेट प्लेटची दिशा. या पातळ पट्टीतली फट पडद्यांना आडवी असते. पाणी फटीतून मधोमध पडून पडद्यांमधून दोन्ही बाजूंना पळते. प्लेट उलटी बसली, किंवा जोडताना आत-बाहेरच्या नळ्यांची अदलाबदल झाली, तर सगळे धडधाकट असूनही तापमान काही अंश जास्त राहते. पुष्कळ ‘न सुटणाऱ्या’ तक्रारींचे मूळ इथेच सापडते.

तळाकडचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी अर्धा-अर्धा फेरा सैल करा. धातूचा तळ कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाने, मऊ टूथब्रशने धुवा. ब्रश पडद्यांच्या दिशेने फिरवा, आडवा कधीच नाही. पडदे वाकतात आणि वाकलेले सरळ होत नाहीत. सुई, पिन, ब्लेड बाजूला ठेवा. मेणासारखा थर साबणाला दाद देत नसेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, पण फक्त धातूवर. ॲक्रिलिकला अल्कोहोल लागले की त्यात केसासारख्या चिरा पडतात आणि त्या ताणाखाली वाढत जातात. झाकणाला साबणपाणीच. शेवटी सगळे डिस्टिल्ड पाण्याने खळाळून घ्या.

ओ-रिंग (जोडातून पाणी अडवणारी रबरी कडी) चपटी, कापलेली किंवा फुगलेली असेल तर त्याच मापाची नवी घ्या. खाचेत नीट बसावी म्हणून सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या. व्हॅसलीन नको, पेट्रोलियममुळे ओ-रिंगचे ईपीडीएम रबर फुगते. स्क्रू पुन्हा समोरासमोर आणि हातानेच आवळा. बॅटरीवरच्या स्क्रूड्रायव्हरने ॲक्रिलिक तडकते. जोड हाताने घट्ट होतील एवढेच. पाणी ओ-रिंग अडवते, जास्त जोराने काही मिळत नाही.

रेडिएटर गरम (५० अंशांच्या आसपास) डिस्टिल्ड पाण्याने अर्धा भरा, तोंडे बंद करून हलवा आणि पांढऱ्या भांड्यात ओता. भांड्यात कण दिसेनासे होईपर्यंत हे करायचे. नव्या रेडिएटरलाही हाच नियम, कारण आत डागकामाचे अवशेष असतात. पंपाचे झाकण उघडून पातेही धुवा. नळ्या टाकून द्या आणि काळ्या ईपीडीएम नळ्या घ्या. दिसायला ओबडधोबड, पण त्यांतून चिकट काही झिरपत नाही आणि प्रकाश आत जात नसल्याने शेवाळाचीही सोय होत नाही.

भरण्याआधी गळती हवेने तपासा: हातपंप आणि मीटरचा संच लावून ०.५ बार दाब द्या, १५ मिनिटांत काटा हलता कामा नये. गरम पाण्याने धुतल्यावर लगेच ही चाचणी केली तर आतली हवा थंड होऊन काटा आपोआप उतरतो आणि नसलेली गळती शोधत बसावे लागते. तेवढे थांबा. नंतर एसएमपीएसच्या २४ पिनच्या प्लगला जंपर (मदरबोर्डविना वीज चालू करणारा जोड) लावून, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या वायरी काढून, फक्त पंप चालवा. टाकी भरा, काही सेकंद पंप चालवा, पातळी उतरली की बंद करा, पुन्हा भरा. डी५ पंप कोरडा चालवू नका, त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचेच असते. द्रव गंजरोधक आणि जंतुनाशक असलेला, तयार मिश्रणाचा, बिनरंगी घ्या. दुधाळ किंवा चमकीच्या रंगांतले कण तळाशी बसतात. प्रदर्शनातल्या यंत्राला ते ठीक. दर १२ महिन्यांनी द्रव बदला.

तुमच्या शहराचाही हिशेब धरा. पूर्ण ताणात पाणी खोलीपेक्षा १० ते १५ अंश गरम राहते. मे महिन्यात खोलीच ४० वर असेल तर पाणी ५० ते ५५. डी५ची मर्यादा ६० आहे आणि पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्याही त्याच सुमारास मऊ पडून जोडातून निसटतात. त्यामुळे पुढे कधी कडक नळ्यांचा विचार आला तर नागपुरात पीईटीजी घेऊ नका. आणि डेझर्ट कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट नको. ओलसर रेडिएटरवर धूळ लिंपल्यासारखी बसते, ती ब्लोअरनेही निघत नाही.

प्रश्न : आय५-११६००के वरचा कूलर आय५-१४६००केवर बसवला. जुन्याच ब्रॅकेटची भोके थोडी रुंद करून स्क्रू लावले. काही कोअर इतरांपेक्षा १५ अंशांनी गरम राहतात. (कोल्हापूर)

भोके रुंद करणे ही पहिली चूक, पण त्याहून महत्त्वाचे कारण उंचीचे आहे. जुन्या एलजीए१२०० सॉकेटची (प्रोसेसर बसतो त्या जागेची) भोके एकमेकांपासून ७५ मिलिमीटरवर होती, एलजीए१७००ची ७८ वर आहेत. शिवाय नव्या सॉकेटमध्ये प्रोसेसरचा माथा खाली असतो. जुने स्टँडऑफ (स्क्रू बसतात ते छोटे खांब) उंच पडतात: स्क्रू शेवटपर्यंत जातो, आपल्याला घट्ट वाटते, पण ब्लॉक प्रोसेसरवर दाबच देत नाही. कूलरच्या उत्पादकाकडून एलजीए१७००चा संच मागवा. त्यानंतरच्या एलजीए१८५१ सॉकेटलाही तोच चालतो. कामचलाऊ वॉशर लावून उंची जुळवू नका.

संच येईपर्यंत ब्लॉक उचलून पेस्टचा ठसा वाचा, त्यातून बरेच कळते. मधला भाग जवळजवळ पारदर्शक आणि कडेने जाड कड असेल तर बसवणी चांगली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला गेला आहे. मधोमध जाड आणि दोन टोकांना पातळ असेल तर प्रोसेसर मध्ये खोलगट झाला आहे. एलजीए१७००ची पकड लांब बाजूंच्या मध्यावरच दाबते, म्हणून हे होते. त्यावर काँटॅक्ट फ्रेम (मूळ पकडीच्या जागी लावायची चौकट) मिळते, काही अंशांचा फायदाही होतो. पण सॉकेटची मूळ पकड काढू नका असे इंटेलचे म्हणणे आहे, आणि फ्रेम जास्त आवळली की रॅमचा एखादा चॅनल दिसेनासा होतो. आधी योग्य स्टँडऑफ लावा. त्यानेच भागेल असे वाटते.

नव्याने बसवताना जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण पुसा, आयताकृती माथ्यावर लांबीच्या दिशेने एक रेघ द्या, ब्लॉक सरळ खाली टेकवा आणि चारही स्क्रू आधी फक्त दोन-दोन फेरे पकडवा. मग समोरासमोर अर्धा-अर्धा फेरा. (रायझनच्या एएम४ बोर्डवाल्यांसाठी: ब्लॉक काढण्याआधी दहा मिनिटे संगणक तापवा आणि ब्लॉक किंचित पिळून सोडवा. सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटसकट नाही, पण पिनांसकट वर येतो.)

प्रश्न : रत्नागिरीची हवा कायम दमट. पाण्याच्या कूलरवर दव जमून मदरबोर्ड जाईल का?

चालू संगणकात नाही. ३० अंशांच्या हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर दव २६ अंशांच्या सुमारास जमते. साध्या लूपमधले पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, कारण रेडिएटर त्याच खोलीच्या हवेने गार होतो. पेल्टियर किंवा चिलर (पाणी खोलीपेक्षाही थंड करणारी साधने) लावणाऱ्यांचा प्रश्न वेगळा.

एक प्रसंग मात्र सांभाळा. एसीत रात्रभर बंद राहिलेला संगणक २२-२३ अंशांवर असतो. सकाळी एसी बंद करून खिडक्या उघडल्या की बाहेरची दमट हवा त्या थंड धातूवर, एसी गाडीतून उतरताना चष्म्यावर धुके बसते तशी, ओल सोडते. अशा वेळी अर्धा तास थांबून चालू करा. किनाऱ्यावर खरी भीती खाऱ्या हवेची आहे: ॲल्युमिनियमच्या रेडिएटरच्या पात्यांवर पांढरी पूड दिसते का, हे दर पावसाळ्यानंतर पाहा.

प्रश्न : नवीन कॅबिनेटमध्ये एआयओचा रेडिएटर तळाला बसवला. रोज चालू करताना गुडगुड आवाज येतो आणि तापमान पूर्वीपेक्षा जास्त आहे. (छत्रपती संभाजीनगर)

जागा बदला. प्रत्येक एआयओत थोडी हवा असतेच, आणि नळ्यांच्या रबरातून वर्षानुवर्षे पाणी सूक्ष्म प्रमाणात उडून जात असल्याने ती वाढत जाते. हवा यंत्रणेतल्या सर्वांत उंच जागी जाऊन बसते. रेडिएटर तळाला असेल तर ती उंच जागा म्हणजे पंप. पाते हवेत फिरते, बेअरिंगला पाणी मिळत नाही आणि पंप लवकर मरतो.

पहिली पसंती छताला. समोर लावायचा असेल तर रेडिएटरचा वरचा टोकाचा टँक पंपापेक्षा उंच हवा. नळ्या खालच्या बाजूला राहिल्या तर आवाज आणखी कमी. ग्राफिक्स कार्ड फार तापणारे असेल तर छतच बरे, कारण समोरच्या रेडिएटरमधून आत येणारी कोमट हवा कार्डाला मिळते. बदलल्यावर पंप पूर्ण वेगाने चालू ठेवून कॅबिनेट हलकेच पुढे-मागे झुकवा आणि दहा-पंधरा मिनिटे चालू द्या. गुडगुड थांबायला हवी. त्यानंतर आवाज सुरूच राहिला, आणि तो पाण्याचा नसून घरघर किंवा खरखर असेल, तर बेअरिंग गेले आहे; त्याला उपाय नाही.

प्रश्न : ब्लॉकच्या कडेला हिरवट पूड जमली आहे आणि ग्राफिक्स कार्डाच्या वरच्या पत्र्यावर एक थेंब दिसला. संगणक अजून चालू होतोय. वापरत राहू का? (ठाणे)

नाही. आत्ताच बंद करा, भिंतीतून वायर काढा आणि पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा. हिरवट पूड हे तांब्याचे संयुग आहे. म्हणजे द्रव बरेच दिवस झिरपून सुकतो आहे. थेंब दिसला तो फक्त आज. शुद्ध पाणी वीज नेत नाही म्हणून चिंता नाही, असे सांगणारे भेटतील. ते बाटलीतल्या पाण्याबद्दल खरे आहे. वर्षभर तांब्यावरून फिरलेल्या द्रवात विरघळलेले क्षार असतात आणि तो वीज नेतो.

कार्ड काढा, कूलर उतरवा. मदरबोर्डवर, विशेषतः कार्डाच्या स्लॉटमध्ये आणि सॉकेटभोवती, टॉर्च मारून ओल शोधा. द्रवात ग्लायकॉल असते, ते आपोआप सुकत नाही, चिकट थर ठेवते. म्हणून टिश्यूने टिपून झाल्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने ती जागा धुवा. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, ओल घटकांखाली ढकलली जाते. पंख्याखाली किमान २४ तास ठेवा, दमट दिवसांत ४८.

एआयओ असेल तर दुरुस्ती करू नका, वॉरंटीत द्या, आणि मॉडेलचे नाव उत्पादकाच्या संकेतस्थळावर आधी शोधा. आर्क्टिकने २०२२ मध्ये लिक्विड फ्रीझर २च्या काही कूलरांबाबत असेच कळवले होते: गास्केटच्या रबरातल्या गंधकाच्या अवशेषांमुळे तांब्याचा तळ गंजून पुढे गळती होऊ शकते. ग्राहकांना दुरुस्तीचा संचही देऊ केला होता. अशी सूचना तुमच्या मॉडेलसाठी असेल तर बिलाची मुदत संपली असली तरी विचारून पाहा. भिजलेल्या कार्डाची भरपाई काही उत्पादक देतात, त्यासाठी पुसण्याआधीचे फोटो लागतात. म्हणून टिश्यू हातात घेण्याआधी मोबाइल घ्या.

कस्टम लूप असेल तर त्या कडेची ओ-रिंग बदला आणि वर नागपूरच्या उत्तरात दिलेली हवेची चाचणी करा. मग द्रव भरून, मदरबोर्डला वीज न देता, फक्त पंप किमान १२ तास चालवा. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू ठेवा, ब्लॉकखाली दोन, आणि तासातासाने बोटाने चाचपून बघा.